टूरिंग बाइकला कारचा टायर: नवख्या रायडरसाठी पायरीपायरीने

होंडा गोल्डविंगसारखी अवजड टूरिंग बाइक घेतली की पहिल्याच मोठ्या सीझनमध्ये लक्षात येतं, मागचा टायर बघता बघता संपतो. अमेरिकेतल्या इंटरस्टेटवर दिवसाला सात-आठशे किलोमीटर सहज होतात. मागे जोडीदार, तिन्ही डिक्क्या भरलेल्या, रस्ता सरळसोट. पंधरा-वीस हजार किलोमीटरच्या आसपास मधली नक्षी गुळगुळीत होते आणि कडेची जवळजवळ कोरी राहते. अशा वेळी एखाद्या राइडवर कुणीतरी भेटतो. त्याच्या गोल्डविंगच्या मागच्या चाकावर कारचा टायर असतो. तो सांगतो की हा दुप्पट चालतो, स्वस्त पडतो आणि पंक्चर झाला तरी गाडी घरी आणतो.

अमेरिकेतले रायडर या प्रकाराला ‘डार्क साइडला जाणं’ म्हणतात, आणि असे टायर वापरणाऱ्यांना ‘डार्कसाइडर’. गोल्डविंगवाल्यांमध्ये हे वर्षानुवर्षं चालू आहे. न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियात गोल्डविंग घेतलेली मराठी मंडळी हल्ली हाच प्रश्न विचारतात, म्हणून सगळं एका जागी मांडतो आहे.

माझं मत आधीच सांगतो. दोन चाकी, वळणावर झुकणारी बाइक असेल आणि तुम्ही या वजनाच्या गाडीवर नवे असाल, तर कारचा टायर लावू नका. मोटरसायकलचे टायर बनवणाऱ्या कंपन्या याला स्पष्ट मनाई करतात आणि ती मनाई उगाच केलेली नाही. पण नुसतं ‘नको’ म्हटल्याने कुणाचं समाधान होत नाही. अर्धवट ऐकून कुणी गॅरेजमध्ये प्रयोग करण्यापेक्षा पूर्ण समजून निर्णय घेतलेला बरा. पायऱ्या क्रमानेच घ्या. कुठल्याही पायरीवर उत्तर ‘नाही’ आलं तर तिथेच थांबा.

पहिली पायरी: पैशाचा हिशोब नीट करा

गोल्डविंगचा मोटरसायकलचा मागचा टायर साधारण दोनशे डॉलरच्या पुढे जातो. त्याच्या जागी वापरतात तो कारचा टायर बराच स्वस्त मिळतो. डार्कसाइडर सांगतात की तो चाळीस हजार किलोमीटर किंवा जास्तही चालतो. टायरचं रबर पाहिलं तर हे पटण्यासारखं आहे. कारच्या टायरचं रबर कडक असतं, नक्षी खोल असते आणि रस्त्याला टेकणारा पट्टा रुंद असतो, त्यामुळे झीज विभागली जाते.

आता दुसरी बाजू. बहुतेक दुकानं मोटरसायकलच्या रिमवर कारचा टायर बसवायला नकार देतात, कारण उद्या काही झालं तर जबाबदारी त्यांच्यावर येते. म्हणजे टायर बसवायचं यंत्र, बॅलन्सिंगचा स्टँड, कॉम्प्रेसर आणि गाडी उचलायचा जॅक हे सगळं तुम्हालाच जमवावं लागतं. वर्षाला आठ-दहा हजार किलोमीटर चालवणाऱ्याला मोटरसायकलचा एक टायर दीड-दोन वर्षं पुरतो. त्याची बचत वर्षाला शंभर डॉलरच्या आतबाहेर राहते, आणि तेवढ्यासाठी पुढची सगळी जोखीम घ्यायची असते. वर्षाला चाळीस हजार किलोमीटर फिरणाऱ्याचा हिशोब वेगळा येईल. तुमचा आकडा कोणता आहे ते कागदावर लिहा आणि मगच पुढे वाचा.

दुसरी पायरी: गोल टायर आणि सपाट टायर यांतला फरक समजून घ्या

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे, म्हणून इथे सावकाश जाऊ.

मोटरसायकलचा टायर मागून पाहिला तर नक्षीचा भाग एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत कमानीसारखा वळलेला दिसतो. बाइक सरळ असो वा झुकलेली, रस्त्याला टेकणारा तुकडा साधारण तेवढाच राहतो, फक्त त्याची जागा मधून कडेकडे सरकते. झुकलेलं चाक आतल्या बाजूला ढकलणारा जोर स्वतःच तयार करतं. याला कँबर थ्रस्ट म्हणतात, आणि दुचाकीचं वळणं मुख्यतः त्याच्यावर चालतं.

कारचं चाक फारसं झुकतच नाही. स्टिअरिंग फिरवलं की चाकाची दिशा आणि गाडी प्रत्यक्ष सरकते ती दिशा यांत थोडा कोन पडतो आणि रबर ताणलं जाऊन वळण्याचा जोर मिळतो. म्हणून कारच्या टायरचा पृष्ठभाग सपाट असतो आणि खांदा, म्हणजे नक्षी संपून बाजू सुरू होते ती कड, जवळपास काटकोनात खाली उतरतो. हाच टायर बाइकला लावून गाडी झुकवणं म्हणजे चौकोनी डबा त्याच्या कडेवर उभा करण्यासारखं आहे. सपाट पट्टा रस्ता सोडायला लागतो, भार एका खांद्यावर येतो आणि त्या बाजूची साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, दबते. साइडवॉल लवचीक असल्यामुळे नक्षीचा बराच भाग तरीही टेकलेला राहतो आणि म्हणूनच ही मंडळी घाटरस्त्यांतूनही या टायरवर जातात. पण चाक आता स्वतःहून झुकत नाही, उलट प्रत्येक क्षणी गाडीला पुन्हा उभं करायला बघतं.

हँडलवर हे लगेच जाणवतं. डावीकडे वळायचं तर आपण डावं हँडल पुढे दाबतो. गोल टायरवर एकदा झुकाव मिळाला की हात सैल सोडले तरी बाइक तो धरून ठेवते. सपाट टायरवर वळण संपेपर्यंत दाब ठेवावा लागतो आणि सोडला की गाडी सरळ होऊ पाहते. सवयीचा रायडर हे करू शकतो. पण वळणाच्या मध्यावर समोर हरीण आलं आणि दचकून हात सैल झाले, तर गाडी कुठे जाईल याचा विचार प्रत्येकाने स्वतः करावा.

सरळ रस्त्यावरही फरक पडतो. रस्ता एका बाजूला उतरता असेल, ट्रकच्या चाकांनी चाकोऱ्या पडल्या असतील किंवा दुरुस्तीमुळे दोन लेनमध्ये अर्ध्या इंचाची पायरी असेल, तर सपाट टायरची एक कड आधी चढते आणि बाइक त्या बाजूला ओढली जाते. गोल टायर त्याच पायरीवरून निमूट पलीकडे जातो.

पावसाबद्दल दोन्ही बाजूंनी बोललं जातं. कारच्या टायरच्या खोबणी खोल असतात, पाणी बाहेर काढायला चांगल्या. पण ते टायर कारच्या वजनाला धरून बनवलेले असतात, आणि भार कमी, पट्टा रुंद असा मेळ पाण्यावर तरंगायला अनुकूल असतो. गोल टायरचा टेकणारा भाग अरुंद आणि लांबट असतो, तो पाणी कापत जातो.

तिसरी पायरी: रिम आणि बीड

टायरची आतली कड, जी रिमला घट्ट धरून बसते, ती बीड. तिच्या आत तारांचं कडं असतं. मोटरसायकलच्या रिमवर बीड बसायची जागा आणि तिच्या आतला उंचवटा कारच्या रिमपेक्षा वेगळ्या मापात घडवलेले असतात. व्यास दोन्हींवर १६ इंच लिहिलेला असला तरी आकार तोच असेल असं नाही. म्हणून कारचा टायर कधी नीट बसत नाही, आणि बसल्यासारखा वाटला तरी हवा कमी झाल्यावर तो जागेवर राहीलच याची हमी कुणी देत नाही. टायर आणि रिम दोन्ही बनवणारे इथे हात वर करतात.

रुंदीचंही बघा. २००१ ते २०१७ च्या गोल्डविंगची मागची रिम ५ इंच रुंद आहे. डार्कसाइडरांचं सगळ्यात आवडतं माप १९५/५५ आर १६ (हे आकडे कसे वाचायचे ते पुढच्या पायरीत), म्हणजे मिनी कूपरसारख्या गाड्यांचं. त्या मापाला टायर कंपन्या साडेपाच ते सात इंचांची रिम सांगतात. म्हणजे रिम सुरुवातीपासूनच अर्धा इंच अरुंद. साइडवॉल आत ओढल्या जातात, सपाट पट्टा किंचित फुगतो. काहींना हेच फायद्याचं वाटतं, कारण टायर जरा गोल होतो. पण आपण कंपनीने ठरवलेल्या मर्यादेबाहेर आहोत हे तेवढंच खरं. याच कारणाने काही जण १७५/६० आर १६ घेतात, जे माप ५ इंचाच्या रिमला चालतं. ते कागदावर जास्त नीट बसतं.

चौथी पायरी: साइडवॉलवरचे आकडे वाचा आणि व्यास काढा

२००१ ते २०१७ च्या गोल्डविंगचा मूळ मागचा टायर १८०/६० आर १६ मापाचा आहे, म्हणजे रुंदी १८० मिलिमीटर, उंची रुंदीच्या ६० टक्के, आर म्हणजे रेडियल आणि रिम १६ इंच. व्यास असा निघतो: १८० चे ६० टक्के १०८, दोन्ही बाजूंचे मिळून २१६, त्यात १६ इंचांचे ४०६.४ मिळवा. एकूण ६२२.४ मिलिमीटर.

१९५/५५ आर १६ चा व्यास ६२०.९ येतो. फरक दीड मिलिमीटरचा, म्हणजे नसल्यासारखा. १७५/६० चा ६१६.४. पण २०५/६० आर १६ घेतला तर ६५२.४, जवळजवळ पाच टक्के मोठा. तेवढ्या फरकाने मागची बाजू सुमारे १५ मिलिमीटर वर येते, गाडीच्या पुढच्या चिमट्याचा कोन बदलतो आणि मडगार्डमधली जागा कमी होते. एबीएस किंवा ट्रॅक्शन कंट्रोल असलेल्या गाडीत पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगांची तुलना होत असते. तिथे व्यासाचं गुणोत्तर बिघडवणं म्हणजे त्या यंत्रणेला चुकीची माहिती देणं. २०१८ पासूनच्या गोल्डविंगला मागे २००/५५ आर १६ येतो, व्यास ६२६.४. त्या गाडीचा हिशोब त्या आकड्यावरून करा, जुन्या मॉडेलवाल्याचा सल्ला तिला लावू नका.

आता भाराचा आकडा. जुन्या गोल्डविंगच्या मूळ १८०/६० टायरवर ७४ एच लिहिलेलं असतं. ७४ म्हणजे ३७५ किलो, एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत. कारच्या १९५/५५ वर बहुधा ८७ असतं, म्हणजे ५४५ किलो. हा फरक दाखवून बरेच जण म्हणतात, ‘बघा, कारचा टायर जास्त मजबूत.’ इथे फसगत होते. ५४५ किलो हा आकडा योग्य रुंदीच्या कारच्या रिमवर, पूर्ण हवेत, उभ्या चालणाऱ्या चाकासाठी दिलेला आहे. अरुंद रिमवर, कमी हवेत, खांद्यावर झुकलेल्या टायरसाठी तो कुणी तपासलेला नाही.

पाचवी पायरी: कायदा आणि विमा

अमेरिकेत मोटरसायकलच्या टायरसाठी एफएमव्हीएसएस ११९ आणि कारच्या रेडियल टायरसाठी १३९ अशी वेगवेगळी संघीय मानकं आहेत. ती टायर बनवणाऱ्यांना लागू होतात. मालकाने स्वतःच्या बाइकला काय लावावं हे राज्याच्या तपासणीच्या नियमांवर जातं आणि ते राज्यागणिक बदलतात. तुमच्या राज्यात वार्षिक तपासणी असेल तर आधी तिथे विचारा. विमा कंपनीला ईमेल करा आणि उत्तर लेखी घ्या. फोनवर ‘काही हरकत नाही’ म्हणणारा माणूस दाव्याच्या वेळी तुमच्यासोबत नसतो.

जर्मनीतल्या मराठी रायडरांना वेगळा सल्ला. तिथे टायरचं माप गाडीच्या कागदांना बांधलेलं असतं आणि मंजुरीशिवाय बदल केला तर गाडीचा चालवण्याचा परवानाच रद्दबातल ठरू शकतो. त्यामुळे विषय तिथेच संपतो.

भारतात मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या रचनेत परवानगीशिवाय फेरफार करता येत नाही. दुचाकीच्या टायरचं भारतीय मानक आयएस १५६२७ आणि कारच्या टायरचं आयएस १५६३३, असे दोन स्वतंत्र खाने आहेत. शिवाय आपल्याकडच्या बहुतेक टूरिंग बाइकना हा टायर बसतच नाही. रॉयल एनफील्ड क्लासिकचं मागचं चाक १८ इंची आणि रिम अरुंद, हिमालयनचं १७ इंची. सुपर मीटिऑर ६५० चं मागचं चाक १६ इंची आहे म्हणून कुणाला मोह होतो, पण तिचा टायर १५०/८० चा आहे आणि रिम कारच्या टायरला लागते त्यापेक्षा बरीच अरुंद. लडाखला निघताना टायर टिकावा म्हणून कुणी असा जुगाड सुचवला तर ऐकू नका.

सहावी पायरी: चाकाभोवतीची जागा मोजा

एवढं सगळं वाचूनही तुम्ही अनुभवी असाल आणि करायचंच ठरवलं असेल, तर खरेदीआधी मोजमाप घ्या. स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा), ब्रेकचे पाइप, मडगार्डची आतली बाजू आणि सस्पेन्शन पूर्ण दबल्यावरचं अंतर. प्रत्येक ठिकाणी निदान बोटाच्या जाडीएवढी मोकळी जागा हवी, कारण वेगात टायर थोडा फुगतो आणि भार आल्यावर कडेला पसरतो. जुन्या टायरवरून अंदाज करू नका. कारच्या टायरचा खांदा चौकोनी असतो, आणि तो नेमका तिथे पोचतो जिथे गोल टायर कधी पोचलेलाच नसतो.

सातवी पायरी: बसवताना

गोल्डविंगचं मागचं चाक एकाच बाजूच्या स्विंगआर्मवर पाच नटांनी धरलेलं असतं, कारसारखंच. त्यामुळे चाक काढणं तसं सोपं, पण गाडी चारशे किलोच्या आसपास आहे. नीट लिफ्ट नसेल तर हात लावू नका.

जुना टायर काढल्यावर रिमची बीडची जागा स्वच्छ करा. चिकटलेलं रबर आणि गंज राहिला तर पुढे तिथूनच हवा जाते. टायरप्रेशर दाखवणारा सेन्सर असेल तर पाना त्याच्या बाजूने घालू नका, एका झटक्यात तुटतो. रबरी व्हॉल्व्ह असेल तर याच वेळी नवा घाला. बीडवर टायरवाले वापरतात ती पेस्ट भरपूर लावा.

आता हवा भरणं, या सगळ्या कामातला सर्वांत धोक्याचा भाग. बीड जागेवर बसताना ठप्प असा आवाज येतो, एकदा एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. कारचा टायर मोटरसायकलच्या रिमवर बऱ्याचदा हट्टाला पेटतो. एक बाजू बसते, दुसरी कुठेतरी दहा-बारा सेंटिमीटर लांबीच्या भागात आत अडकून राहते. मग मोह होतो तो हवा वाढवण्याचा. डनलॉपसारखी कंपनी आपल्या मोटरसायकल टायरसाठीसुद्धा बीड बसवताना ४० पीएसआयच्या वर जाऊ नका असं बजावते. त्याच्या पलीकडे गेलात आणि बीडमधली तार तुटली किंवा टायर उडाला, तर हात, चेहरा, जीव काहीही जाऊ शकतं. लांब नळी आणि आपोआप पकडणारा क्लिप वापरा, स्वतः बाजूला उभे राहा, चाकावर वाकू नका. ४० पर्यंत बसला नाही तर पूर्ण हवा सोडा, पेस्ट पुन्हा लावा, टायर थोडा फिरवून परत भरा. तरीही बसला नाही तर तो टायर त्या रिमसाठी नाही. काढा आणि दुकानात परत करा.

बसल्यावर बीडच्या जरा वर साइडवॉलवर एक बारीक उठावदार रेघ दिसेल. ती रिमच्या कडेपासून सगळीकडे सारख्याच अंतरावर हवी. टॉर्च घेऊन दोन्ही बाजूंनी पूर्ण फेरी मारून बघा. एका जागी रेघ रिमखाली गडप झाली असेल तर टायर वाकडा बसलाय. मग बॅलन्सिंग करा आणि चाकाचे नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला, टॉर्क रेंचनेच, आळीपाळीने आवळा.

आठवी पायरी: हवेचा दाब

मूळ टायरसाठी होंडाचे आकडे जुन्या गोल्डविंगला पुढे ३६ आणि मागे ४१ पीएसआय आहेत. कारच्या टायरसाठी असा कुठलाही अधिकृत आकडा नाही, आणि जोखीम मोजताना हेही धरावं. डार्कसाइडर साधारण २८ ते ३६ च्या दरम्यान आपापला दाब शोधतात. दाब जास्त ठेवला की मधला पट्टा फुगतो, गाडी हलकी वळते पण पकड घटते. फार कमी ठेवला की साइडवॉल सतत दबत-उठत तापते, वळणात गाडी डुलते आणि बीड सुटायची शक्यता वाढते.

दोन साध्या चाचण्या आहेत. पहिली: नक्षीवर आडवी खडूची जाड रेघ मारा, सरळ रस्त्याने दोन-तीनशे मीटर जा आणि थांबून बघा. मधलीच रेघ पुसली गेली तर हवा जास्त, फक्त कडेची गेली तर कमी. दुसरी: थंड टायरचा दाब लिहून ठेवा, तासभर हायवेवर चालवून पुन्हा मोजा. वाढ दहा टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर टायर वाजवीपेक्षा जास्त तापतोय, म्हणजे थंड असतानाच हवा कमी होती. भार बदलला की दोन्ही चाचण्या पुन्हा करा. एकट्याने ठरवलेला दाब दोघांसाठी आणि भरलेल्या डिक्क्यांसाठी चालत नाही.

नववी पायरी: पहिल्या राइड्स

पहिल्या दिवशी मागे कुणाला बसवू नका आणि सामानही नको. रविवारची सकाळ, रिकामं पार्किंग, पूर्ण गियर. आधी चालण्याच्या वेगात आठचा आकडा काढा. मंद वेगातल्या यू-टर्नमध्ये चाक एका पायरीवरून खाली उतरतंय असं वाटेल. तो सपाट पट्ट्यावरून खांद्यावर जाण्याचा क्षण. तिथे घाबरून पाय टेकवायला जाऊ नका, चारशे किलोची गाडी पायाने सावरत नाही. मग सरळ रेषेत ब्रेक मारून बघा, आधी हळू, मग जोरात.

त्यानंतर ओळखीचा, मोकळा, वळणांचा रस्ता घ्या आणि नेहमीपेक्षा बराच कमी वेग ठेवा. हँडलवरचा दाब वळण संपेपर्यंत टिकवणं अंगवळणी पडायला वेळ लागतो. ते आपोआप होईपर्यंत पाऊस, रात्र आणि जोडीदार यांच्यासोबत प्रयोग करू नका. हायवेच्या वेगात मागची बाजू हेलकावे खायला लागली तर गॅस हळूहळू सोडा, हँडल आवळून धरू नका, बाजूला थांबा. हवा आणि बीडची रेघ तपासा. दोन्ही ठीक असूनही हेलकावे परत आले तर हा टायर काढून टाका.

पुढच्या चाकाला मात्र मोटरसायकलचाच टायर. काही जण मोटरसायकलचा मागचा टायर पुढे, उलट्या दिशेने बसवतात आणि त्याला ‘डबल डार्क साइड’ म्हणतात. नव्या माणसाने याच्या जवळही जाऊ नये. एकाच वेळी दोन्ही चाकं बदलली तर काही चुकल्यावर कारण कुठलं तेच कळत नाही.

रनफ्लॅट टायरबद्दल एक गैरसमज इथेच दूर करतो. कारवर असा टायर हवा गेल्यावरही साधारण ८० किलोमीटर, ताशी ८० च्या वेगाने चालेल असं सांगितलं जातं. ते कारसाठी. चार चाकांवर उभ्या गाडीतलं एक चाक बसणं आणि दुचाकीचं मागचं चाक बसणं यांत फार अंतर आहे. बाइकवर त्या आकड्यांवर विसंबू नका.

जिथे कारचा टायर खरोखर शोभतो

साइडकार लावलेली बाइक वळणात झुकत नाही. तिथे गोल टायरचा उपयोग नाही, उलट त्याचा मधला पट्टा भराभर झिजतो. म्हणून युरोपातल्या साइडकारवाल्यांनी कारची चाकं आणि टायर कधीच आपलेसे केले आहेत, आणि तिथे हब, रिम, टायर सगळं एकमेकांना जुळणारं बसवलं जातं. गोल्डविंगची ट्राइक, म्हणजे मागे दोन चाकांची तीनचाकी, केली की मागे कारच्याच रिमवर कारचे टायर येतात. कॅन-अॅम स्पायडर या तीनचाकीला तर मुळातच पुढे १६५/५५ आर १५ आणि मागे २२५/५० आर १५ असे सपाट टायर असतात. गुडघ्यांमुळे किंवा वयामुळे कुणाला अवजड बाइक पेलणं जड जात असेल, तर टायरवर प्रयोग करण्यापेक्षा तीन चाकांचा विचार मनापासून करावा. त्यात कमीपणा काहीच नाही, आणि टायरचा खर्चही आपोआप आटोक्यात येतो.

मोटरसायकलचाच टायर जास्त कसा चालवायचा

बहुतेकांना खरं तर एवढंच हवं असतं, आणि यात बरंच करता येतं. हवा आठवड्यातून एकदा, सकाळी, गाडी सुरू करण्याआधी मोजा, आणि पेट्रोल पंपावरच्या मीटरवर विसंबू नका, स्वतःचा घ्या. मागच्या चाकात पाच-सहा पीएसआय कमी हवा घेऊन भरल्या गाडीने हजारो किलोमीटर जाणारे लोक मी बघतो, आणि मग टायर लवकर संपला म्हणून तेच कारच्या टायरकडे वळतात. सामान कमी करा, जड वस्तू मागच्या ट्रंकमध्ये न ठेवता बाजूच्या डिक्क्यांत खाली ठेवा. सिग्नलवरून सुटताना आणि इंटरस्टेटवर चढताना गॅस जरा सांभाळून द्या, या इंजिनाचा टॉर्क सगळा त्या एकाच रबरातून रस्त्यावर उतरतो.

टायर निवडताना मधलं रबर कडक आणि कडेचं मऊ अशी रचना असलेला टूरिंग टायर बघा, उदाहरणार्थ डनलॉपचा एलिट ४. कारच्या टायरचा टिकाऊपणा हवा आणि झुकणाऱ्या टायरची पकडही हवी, या मागणीला टायर कंपन्यांनी दिलेलं उत्तर हेच आहे. खोबणींच्या तळाशी छोटे आडवे उंचवटे असतात. नक्षी त्यांच्या पातळीला आली की साधारण ०.८ मिलिमीटर उरलेली असते. भारतात दुचाकीसाठी कायद्याची मर्यादाही तीच आहे. पावसाळ्यात किंवा मोठ्या ट्रिपआधी मी त्या पातळीची वाट बघत नाही, त्याआधीच टायर बदलतो. आणि नवा टायर घेताना साइडवॉलवरच्या डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२४ असेल तर टायर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. सेलमध्ये स्वस्त मिळतोय म्हणून चार-पाच वर्षं गोदामात पडलेला टायर घरी आणू नका, दुकानदाराला ताज्या तारखेचा मागा.